शहराची रोजकीर्द

फेब्रुवारी-मार्च उजाडला की महापालिकांच्या अंदाजपत्रकांच्या बातम्या सुरू होतात. एकूण आकडा गेल्या वर्षीपेक्षा मोठा असतो, नव्या उड्डाणपुलांची आणि उद्यानांची नावे ठळक अक्षरांत असतात. सत्ताधारी समाधान व्यक्त करतात, विरोधक टीका करतात. दुकानात बसलेला व्यापारी मथळा वाचतो आणि पान उलटतो. हाच व्यापारी नव्या गिऱ्हाइकाला उधारीवर माल देताना मात्र इतका बेफिकीर नसतो. समोरच्याच्या दुकानाची रंगरंगोटी पाहून तो भुलत नाही. आधीच्या हुंड्या वेळेवर फेडल्या का, माल फिरतो की पडून राहतो, पेढीवर रोज कोण बसते, याची तो चार ठिकाणी चौकशी करतो. बँकेचा अधिकारीही कर्जाच्या अर्जाला जोडलेल्या छायाचित्रापेक्षा खात्यातील रोजच्या उलाढालीवर अधिक विश्वास ठेवतो. शहराच्या कारभाराचे मोजमाप याच पद्धतीने केले, तर पुष्कळ गोष्टी वेगळ्या दिसू लागतात.

अशा मोजमापासाठी सुरत हे शहर फार सोयीचे आहे. १९९४ मध्ये ज्या शहरातून लोक जीव मुठीत धरून पळाले, त्याचे नाव आज स्वच्छतेच्या यादीत अग्रभागी असते. शिवाय महाराष्ट्रातील जैन व्यापारी कुटुंबांना सुरत परके नाही. जळगाव, धुळे, नाशिक, पुणे येथील कापड दुकानांतील बराच माल तेथील रिंग रोडवरून येतो; हिऱ्याच्या धंद्यातील घरे मुंबईत आणि सुरतेत अशी दोन्हीकडे नांदतात. ज्या तापीच्या काठी हे शहर आहे ती खानदेशातून वाहत तेथे पोहोचते, आणि त्याच खानदेशातून पोटासाठी गेलेल्या माणसांनी लिंबायत, उधना, डिंडोली हे भाग गजबजले आहेत. त्यांच्या मुलांसाठी सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते.

आणखी एक कारण कायद्याचे आहे. सुरत, पुणे, नाशिक, ठाणे ही शहरे अनेक दशके एकाच कायद्याखाली चालली: १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. पुढे दोन्ही राज्यांनी आपापल्या प्रतीचे नाव बदलले, गाभा तोच राहिला. त्यामुळे सुरतेला जे साधले ते वेगळ्या अधिकारांमुळे साधले, असे म्हणण्याची सोय उरत नाही.

कारभाराची परीक्षा या शहराने पूर्वीही पाहिली आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा शहराचा मोगल अंमलदार इनायत खान किल्ल्यात जाऊन बसला. रक्षणासाठी ठेवायच्या सैनिकांचा पगार तो सरकारातून उचलत होता, पण सैनिक त्याने ठेवलेच नव्हते, असे इतिहासकार लिहितात. त्या काळातील अत्यंत धनाढ्य व्यापारी आणि जैन श्रावक विरजी वोरा यांची संपत्ती त्या वेळी गेली. मराठी घरांत हा प्रसंग वेगळ्या कारणाने आठवला जातो आणि ते योग्यच आहे. येथे लक्ष वेधायचे आहे ते इनायत खानाच्या हजेरीपटाकडे. कर वसूल होतो, खर्च लिहिला जातो आणि काम मात्र जागेवर नसते, ही नगर-कारभाराची फार जुनी व्याधी आहे.

सप्टेंबर १९९४ मध्ये तीच व्याधी वेगळ्या रूपाने उघडी पडली. त्या पावसाळ्यात सखल वस्त्यांत पुराचे पाणी तुंबून राहिले होते, मेलेली जनावरे वेळेवर उचलली गेली नव्हती. पर्युषण नुकतेच आटोपले होते, चातुर्मास चालू होता. वेड रोडच्या बाजूला तापाने माणसे दगावू लागली आणि बघता बघता ‘प्लेग’ हा एकच शब्द शहरात ऐकू येऊ लागला. काही दिवसांत लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. खासगी दवाखाने बंद झाले, कित्येक डॉक्टरही निघून गेले, औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन दिसेनासे झाले. सुरतेहून येणाऱ्या माणसाकडे मुंबईत संशयाने पाहिले जाऊ लागले. आखाती देशांसह अनेक देशांनी भारताशी असलेली विमान वाहतूक थांबवली. मृतांची संख्या पन्नासच्या वर गेली. हा खरोखर प्लेगच होता का, यावर तज्ज्ञांत पुढे बराच वाद झाला. सुरतेच्या व्यापाऱ्याला त्या वादाचा काही उपयोग नव्हता. त्याचे माग थांबले होते, हिऱ्याच्या घंट्या बंद होत्या आणि कारागीर गावी गेले होते.

एक गोष्ट येथे नीट लक्षात घ्यावी लागते. शहर गरीब नव्हते. १९९१ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकसंख्या असलेल्या या शहरात कृत्रिम धाग्याचे कापड प्रचंड प्रमाणात विणले जात होते आणि जगातील लहान हिऱ्यांपैकी बहुसंख्य हिऱ्यांना येथेच पैलू पडत होते. या व्यापारावरील जकात महापालिकेच्या तिजोरीत येत होती. सफाई कामगार होते, निरीक्षक होते, अभियंते होते. रस्त्यावरच्या कचऱ्याला दारिद्र्याचे कारण देता येत नव्हते. खाते सुस्थितीत होते, पण त्या खात्यातून रोजचे व्यवहारच होत नव्हते.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले आणि त्यांनी आरंभ केला तो या रोजच्या व्यवहारांपासून. शहराचे सहा विभाग पाडून प्रत्येकावर एक वरिष्ठ अधिकारी नेमला गेला आणि त्याला आयुक्तांचे अधिकार, खर्चाच्या मर्यादेसह, दिले गेले. तोवर गटाराचे फुटलेले झाकण बदलण्याची फाईलही मुख्य कार्यालयाच्या जिन्यांवरून वर-खाली फिरत असे. आता ती विभागातच निकाली निघू लागली. अधिकाऱ्यांनी सकाळी कार्यालयात न जाता थेट रस्त्यावर यायचे, दुपारपर्यंत वस्त्यांतून हिंडायचे आणि मग रोजच्या बैठकीत काय पाहिले, काय केले, काय राहिले ते सांगायचे, असा नियम झाला. वातानुकूलित खोलीतून निघून रोजच्या कामाला लागायचे, अशा अर्थाचे एक चटकदार इंग्रजी सूत्रच राव यांनी त्यासाठी बनवले होते. बैठकीत सगळे विभागप्रमुख एकत्र असल्यामुळे ‘ते दुसऱ्या खात्याचे काम आहे’ हे उत्तर तेथे चालेनासे झाले. ज्याने बँकेच्या शाखेत संध्याकाळी रोकड जुळेपर्यंत कोणी घरी जात नाही ही शिस्त पाहिली आहे, त्याला या बैठकीचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आरोग्य विभागाचे कामही असेच बदलले. सरकारी आणि खासगी रुग्णालयांतून कोणत्या वस्तीत कोणत्या तापाचे किती रुग्ण आले याची माहिती रोज गोळा होऊ लागली. आकडा एखाद्या गल्लीत वाढला की त्या गल्लीतील नळ, गटार आणि साचलेले पाणी तपासायला माणसे जात. साथ आली की धावण्याऐवजी साथ कोठून येऊ शकते हे आधी पाहण्याची ही रीत होती. उपाहारगृहांची तपासणी झाली आणि अस्वच्छता आढळली तेव्हा नावाजलेल्या हॉटेलांनाही टाळे लागले. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याकडून दंड वसूल होऊ लागला. पुन्हा तीच चूक झाली तर दुप्पट.

मात्र शहराच्या मनात खरा पालट झाला तो अतिक्रमणे हटवताना. अशा मोहिमा सहसा हातगाडीपासून सुरू होतात आणि हातगाडीपाशीच संपतात. सुरतेत सुरुवात मोठ्यांच्या बांधकामांपासून झाली. ज्यांचा एक फोन पुरत असे, त्यांच्याही पायऱ्या आणि ओटे तुटले. ते पाहिल्यावर मधल्या फळीतील अनेक दुकानदारांनी रस्तारुंदीत येणारा आपला भाग स्वतःच उतरवून घेतला. व्यापारी नुकसान सहन करतो. शेजाऱ्याला सूट मिळाली आणि आपल्याला नाही, हे मात्र त्याला सहन होत नाही. नियम सर्वांना सारखा आहे एवढी खात्री पटली, तर कर आणि दंड या दोन्हींबद्दलची कुरकूर पुष्कळ कमी होते, हे सुरतेच्या त्या दोन वर्षांनी दाखवले. दुसरीकडे झोपडवस्त्यांत फरसबंदी, नळ आणि शौचालये झाली. हे काम बातम्यांत कमी आले, पण तापाचे आकडे खाली यायला अतिक्रमण-विरोधी मोहिमेपेक्षा त्याचीच मदत अधिक झाली असणार.

जैन परंपरेला हा विचार नवा नाही. पाच समित्यांतील शेवटची समिती टाकाऊ वस्तू कोठे आणि कशी टाकावी याचीच आहे. परिष्ठापनिका म्हणा की उत्सर्ग म्हणा, जीवजंतूंना पीडा होणार नाही अशी निर्जीव जागा पाहून, यतनेने विसर्जन करावे असा तिचा दंडक. साधू-साध्वी तो आयुष्यभर पाळतात. श्रावकांच्या घरांत मात्र ही यतना उंबरठ्याच्या आतच राहते आणि सकाळी झाडलेला कचरा गल्लीच्या कोपऱ्यावर जातो, हे अनेक पेठांतले दृश्य आहे.

१९९६ मध्ये ‘इन्टॅक’ या संस्थेने सुरतेला चंदीगडच्या खालोखाल देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरवले. दीड वर्षापूर्वीची अवस्था आठवली तर हे अद्भुत वाटते. पण त्यासाठी काय लागले याचा हिशेब मांडला की अद्भुत थोडे कमी होते. केंद्राच्या मोठ्या नागरी योजनेचा पैसा यात नव्हता. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजना आली ती २००५ च्या अखेरीस. कर्मचारी मुख्यतः तेच होते, कायदा तोच होता. वाढले ते निरीक्षण, अधिकारांचे वाटप आणि करवसुली. अंदाजपत्रकाच्या भाषेत हा सारा महसुली खर्चाचा भाग आहे. त्याची कोनशिला बसत नाही, फीत कापता येत नाही आणि म्हणून कोणत्याही काळात कोणत्याही सत्ताधाऱ्याला त्याचे फारसे आकर्षण नसते.

एका कर्तबगार अधिकाऱ्याची कथा म्हणून हे सारे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यात अर्धेच सत्य आहे. राव १९९७ मध्ये सुरतेतून गेले. व्यवस्थेचा खरा कस त्यानंतर लागायचा होता, आणि विभागांची रचना, रोजचा आरोग्य-अहवाल आणि रस्त्यांची सफाई त्यांच्यामागेही टिकली. मुख्य रस्ते रात्री झाडण्याची पद्धत तर सुरतेची ओळखच झाली. पेढी मालकाच्या नावावर किती चालते आणि मुनिमाच्या वहीवर किती, हे मालक यात्रेला गेल्यावरच कळते.

ऑगस्ट २००६ मध्ये दुसरी परीक्षा आली. वरच्या अंगाला झालेल्या पावसाने उकाई धरण भरले, तापीत सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि तीन-चतुर्थांशाहून अधिक सुरत पाण्याखाली गेली. येथे जमा आणि नावे काळजीपूर्वक लिहायला हवी. उकाईचे दरवाजे महापालिकेच्या हाती नाहीत, ते राज्याच्या जलसंपदा खात्याकडे आहेत. पूररेषेत उभ्या राहिलेल्या इमारतींचा प्रश्न मात्र शहर नियोजनाचा, म्हणजे बऱ्याच अंशी महापालिकेचाही होता. पाणी ओसरल्यावर चिखल, कुजलेले धान्य आणि मेलेली जनावरे वेगाने हलवली गेली, औषधफवारणी झाली, आणि १९९४ ची पुनरावृत्ती टळली. ही बाजू निःसंशय महापालिकेच्या जमेची आहे.

जमेच्या बाजूला आणखी काही ठळक नोंदी करता येतात. १९९१ मध्ये सुमारे १५ लाख असलेली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ लाख झाली. शहराची हद्द ११२ चौरस किलोमीटरवरून २००६ मध्ये ३२६ आणि २०२० मध्ये सुमारे ४६२ चौरस किलोमीटर झाली. दुकानाच्या शाखा इतक्या झपाट्याने वाढल्या की जुनी शिस्त सहसा मोडते. सुरतेत ती ताणली गेली, तुटली नाही. २०१४ पासून बमरोली येथे सांडपाणी उच्च दर्जापर्यंत शुद्ध करून ते पांडेसरा औद्योगिक वसाहतीतील रंगाई-छपाईच्या कारखान्यांना विकले जाऊ लागले. त्यामुळे तेवढे गोडे पाणी वाचले आणि महापालिकेला उत्पन्नही मिळाले. स्वच्छ सर्वेक्षणात २०१९ मध्ये १४ व्या क्रमांकावर गेलेले हे शहर २०२०, २०२१ आणि २०२२ या तिन्ही वर्षी दुसरे आले आणि २०२३ च्या सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिले ठरले.

पदकाची चमक डोळ्यांवर येते ती नेमकी येथे. कारण ज्या २०१९ नंतर सुरतेची स्वच्छतेतील चढण सुरू झाली, त्याच वर्षी २४ मे रोजी तक्षशिला आर्केड या व्यापारी इमारतीला आग लागली. इमारत सरथाणा जकातनाक्याजवळची. गुजरातमध्ये जकात २००७ मध्ये गेली, नाक्याचे नाव मात्र राहिले. सर्वांत वरच्या अनधिकृत मजल्यावर शिकवणी वर्ग चालत होता. खाली उतरायला एकच वाट आणि ती धुराने कोंडलेली. मुलांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. अग्निशमन दलाच्या शिड्या त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचल्या नाहीत. २२ विद्यार्थी गेले. बांधकाम करणारे आणि वर्ग चालवणारे यांच्याबरोबर महापालिकेच्या अभियंत्यांवर आणि अग्निशमन अधिकाऱ्यांवरही गुन्हे दाखल झाले, काहींना अटक झाली. घटनेनंतर शहरभर तपासण्या झाल्या, वर्ग बंद केले गेले, टाळी लावली गेली. हे सारे घटनेनंतर.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रिंग रोडवरील शिवशक्ती टेक्सटाइल मार्केटला लागलेली आग एक दिवसाहून अधिक काळ धुमसत होती. शेकडो दुकाने राख झाली. लग्नसराईचा माल भरलेला होता. महाराष्ट्रातील ज्या दुकानांकडे त्या मार्केटचा माल उधारीवर होता त्यांना आपले देणे कोणाच्या नावे आणि कोणत्या वहीप्रमाणे द्यायचे असा प्रश्न पडला असेल, कारण समोरच्याची वहीच जळाली होती. विम्याचा प्रश्न त्याहून बिकट असतो. बँकेकडे गहाण असलेल्या मालाचा विमा पुष्कळदा कर्जाच्या मर्यादेइतकाच उतरवलेला असतो. माल एक कोटीचा आणि विमा चाळीस लाखांचा असेल, तर अंशतः नुकसानीत अपुऱ्या विम्याच्या अटीमुळे चाळीस लाखही पूर्ण मिळत नाहीत. अर्धा माल जळाला तर भरपाईही त्याच प्रमाणात, वीस लाखांच्या आसपास येते. हे कलम विमापत्रात सुरुवातीपासून छापलेले असते. ते वाचले जाते आग विझल्यावर.

आग आणि कचरा या दोन नोंदी एकाच शहराच्या वहीत इतक्या वेगळ्या का? अधिकारी तेच, विभाग तेच, कायदा तोच. उत्तर थोडे अडचणीचे आहे. कचरा उचलला तर कोणाचेच नुकसान होत नाही, म्हणून त्या शिस्तीला शहराने साथ दिली. जिन्याखालचे गोदाम, गच्चीवरची पत्र्याची खोली, तळघरातील पार्किंगच्या जागी काढलेली दुकाने हलवायची म्हटली की ज्याचे नुकसान होते तो स्वतः व्यापारी असतो, मालमत्तेचा मालक असतो, आणि निवडणुकीला देणगी देणाराही तोच असतो. १९९५ मध्ये ज्या वर्गाने नियम सर्वांना सारखा हवा असे म्हटले, तोच वर्ग आपल्या इमारतीपुरती सवलत मागतो. सरकारेही ती देतात. अनधिकृत बांधकाम ‘इम्पॅक्ट फी’ घेऊन नियमित करण्याचे कायदे गुजरातने एकाहून अधिक वेळा केले. महाराष्ट्रात गुंठेवारी हा शब्द पोरासोरांनाही ठाऊक आहे. महापालिकेच्या वहीत ही फी उत्पन्न म्हणून दाखवली जाते. सावध हिशेबनीस तिला देणे म्हणून दाखवील, कारण त्या पैशाच्या बदल्यात शहराने एक धोका कायमचा स्वतःच्या नावे करून घेतलेला असतो.

खाडीच्या पुराची गोष्टही याच जातीची आहे. तापीच्या महापुराची भीती दशकातून एखाद्या वर्षी. लिंबायत, पर्वत पाटिया, पुणागाम या भागांत मात्र मिठी खाडीचे पाणी जोरदार पाऊस झाला की घरांत आणि दुकानांत येते. २०२४ आणि २०२५ या लागोपाठ पावसाळ्यांत ते आलेच. खाडीचे पात्र अरुंद कोणी केले, भराव कोणी टाकला, त्यावरचे बांधकाम कोणी मंजूर केले आणि कोणी विकत घेतले, ही साखळी शोधत गेले तर तिच्यात सरकारी शिक्के आणि खासगी सह्या शेजारी शेजारी सापडतील. लिंबायतमधील खानदेशी कामगाराची भांडी त्या पाण्यात तरंगतात, त्याची सही त्या साखळीत कोठेही नसते.

मोठ्या प्रकल्पांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. शंभर किलोमीटरहून लांब बीआरटीचे जाळे हे महापालिकेचे काम आहे आणि ते उपयोगाचे आहे. मेट्रो केंद्र आणि राज्य यांच्या संयुक्त कंपनीची आहे. तिच्यासाठी जुन्या बाजारातील रस्ते वर्षानुवर्षे अडले आणि दुकानदारांचा धंदा बसला, हा दोष महापालिकेच्या माथी मारणे न्यायाचे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये उद्‌घाटन झालेले प्रचंड हिरे-बाजार संकुल व्यापाऱ्यांच्याच संस्थेचे आहे. तेथे कार्यालये हलवायला हिरे व्यापारी किती नाखूश राहिले आणि महिधरपुऱ्याच्या गल्लीत अजूनही कसे व्यवहार होतात, हे वाचकांपैकी अनेकांना जास्त ठाऊक असेल.

जकातीचा उल्लेख वर आला, त्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण व्यापाऱ्यांना तो विषय जिव्हाळ्याचा आहे. जकात जाचक होती, नाक्यावरचा खोळंबा आणि चिरीमिरी सर्वांनी भोगली. महाराष्ट्रात तिच्या जागी आलेल्या स्थानिक संस्था कराविरुद्ध २०१३ मध्ये बाजारपेठा बंद राहिल्या आणि २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांची त्यातून सुटका झाली. सुटका रास्तच होती. पण तिच्याबरोबर एक नाते सैल झाले. शहराची तिजोरी तेथील व्यापारावर चालत होती तोवर बाजारपेठेला ‘आमच्या पैशाचे काय केलेत?’ असे विचारण्याचा अधिकार वाटत असे. आता मोठा हिस्सा राज्याच्या अनुदानातून येतो, आणि अनुदानावर चालणारी संस्था दुकानदारापेक्षा अनुदान देणाऱ्याकडे तोंड करून बसते. काही महापालिकांनी कर्जरोख्यांचा मार्ग धरला. अहमदाबादने १९९८ मध्ये राज्याच्या हमीशिवाय १०० कोटी उभे केले, पुण्याने २०१७ मध्ये आणि सुरतेने २०१९ मध्ये प्रत्येकी २०० कोटी. रोखे काढायचे तर पतमूल्यांकन करून घ्यावे लागते, हिशेब वेळेवर प्रसिद्ध करावे लागतात. ही शिस्त त्या रकमेहून मोलाची आहे.

महाराष्ट्रातील बहुतेक महापालिकांवर २०२२ नंतर दीर्घकाळ प्रशासकच होते. ‘नगरसेवक आड आले नसते तर सुरत घडवून दाखवली असती’ असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांना तेवढी वर्षे मोकळी मिळाली होती. त्या काळात आपल्या शहरात काय बदलले ते प्रत्येकाने आपल्या गल्लीत पाहावे. अंदाजपत्रक हाती आले तर एकूण आकडा सोडून द्यावा. गेल्या वर्षी दुरुस्ती-देखभालीसाठी किती ठेवले आणि प्रत्यक्षात किती खर्च झाले, मालमत्ता कराची थकबाकी वाढली की घटली आणि मोठे थकबाकीदार कोण, अग्निशमन दलातील मंजूर जागांपैकी किती भरलेल्या आहेत, एवढे शोधले तरी पुरे. ही माहिती अंदाजपत्रकाच्या मागच्या पानांत असते. नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

आगीपुरते बोलायचे तर महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. त्यानुसार इमारतीतील आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘नमुना ब’ दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन जानेवारीत आणि जुलैत, वर्षातून दोनदा, सादर करायचा असतो. ही जबाबदारी कायद्याने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे, महापालिकेवर नाही. आपल्या मार्केटच्या फायलीत चालू सहामाहीचा दाखला आहे का, हे संघटनेच्या पुढच्या सभेत विचारता येईल. समाजाचे भवन, वसतिगृह आणि ज्या हॉलमध्ये सामुदायिक पारणे होते तो हॉल यांच्याबद्दलही विचारता येईल. दाखला निघालाच, तर त्याची प्रत हातात घेऊन मागच्या जिन्यापर्यंत जावे आणि त्या जिन्याचे दार उघडते का ते पाहावे.